लखनौची मेट्रो आणि क्षमतेचा हिशेब

डिसेंबर १९१६ मध्ये राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनासाठी लोकमान्य टिळक लखनौला आले, तेव्हा स्थानकापासून त्यांना नेण्यासाठी स्वागत समितीने मोटारीची व्यवस्था केली होती. तरुण मंडळींना ती पसंत नव्हती. ते मोटारीपुढे आडवे झाले, भाड्याची घोडागाडी आणवली, तिचे घोडे सोडून दिले आणि गाडी स्वतः ओढत नेली. त्या तरुणांत रामप्रसाद बिस्मिल होते व त्यांनी आत्मचरित्रात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. लखनौ करार आपण शाळेत शिकलो, पण त्याच १९१६ साली या शहराविषयी आणखी एक दस्तऐवज तयार झाला, तो मात्र फारसा कोणाच्या वाचनात नसतो. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने लखनौ नगरपालिकेसाठी लिहिलेला तो अहवाल. हेच गेडिस पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक झाले.

लखनौच्या मेट्रोविषयी लिहिताना गेडिसपासून आरंभ करणे काहींना लांबचा वळसा वाटेल. परंतु या शहरातील वाहतुकीचा प्रश्न मेट्रोबरोबर जन्मलेला नाही. १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ पुन्हा ताब्यात घेतले, त्यानंतर कर्नल रॉबर्ट नेपियर या लष्करी अभियंत्याने शहराच्या फेरमांडणीची योजना आखली. उद्देश सरळ होता : पुन्हा उठाव झाला तर सैन्य वेगाने आत शिरता आले पाहिजे. त्यासाठी दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ते काढण्यात आले, घरे, हवेल्या, मशिदी पाडण्यात आल्या. त्यानंतर लखनौची दोन शहरे झाली. एक चौक, नक्खास, अमीनाबाद, यहियागंजचे गल्ल्यांचे शहर. दुसरे हजरतगंज, छावणी आणि सिव्हिल लाइन्सचे मोकळे शहर. गेडिस आले तेव्हा या घटनेला साठ वर्षे होत आली होती, पण गल्ली दिसली की ती रुंद करायची ही अभियंत्यांची खोड गेलेली नव्हती. गेडिस यांचे म्हणणे असे की आधी निदान करावे, मग शस्त्रक्रिया; आणि शस्त्रक्रियाही शक्य तितकी कमी. लोक कोठे राहतात, कोठे जातात, कशासाठी जातात, हे पायी हिंडून पाहिल्याशिवाय नकाशावर रेघ ओढू नये. आज आपण ज्याला प्रवासी-सर्वेक्षण म्हणतो त्याचा गाभा हाच आहे.

लखनौत ट्राम कधी धावली नाही. शेजारच्या कानपुरात ती १९०७ पासून १९३३ पर्यंत होती. आपल्या मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, १९०७ मध्ये विजेची झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली. ट्राम मोडून टाकणाऱ्या जगातील शहरांनी पुढे तीच कल्पना ‘लाइट रेल’ या नावाने परत आणली, हा विसाव्या शतकातील नगर-प्रशासनाचा एक मजेदार अध्याय आहे. लखनौ मात्र इक्का, टांगा, सायकलरिक्षा, विक्रम टेम्पो आणि अलीकडे ई-रिक्षा या मार्गाने आले. म्हणजे एकेका वाहनात दोन ते आठ माणसे अशी या शहराची वाहतूक-संस्कृती. तेथे एकदम १,३०० माणसांची गाडी आली.

प्रकल्पाचा कागदोपत्री प्रवास २००८ च्या सुमारास दिल्ली मेट्रोच्या सल्ल्याने सुरू झाला. नोव्हेंबर २०१३ मध्ये लखनौ मेट्रो रेल महामंडळ स्थापन झाले आणि २७ सप्टेंबर २०१४ रोजी बांधकामास आरंभ झाला. कोकण रेल्वेमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे असलेले ई. श्रीधरन प्रमुख सल्लागार होते. युरोपीय गुंतवणूक बँकेने ४५ कोटी युरोंचे कर्ज देऊ केले. विमानतळ ते मुंशीपुलिया हा २२.८७८ किलोमीटरचा उत्तर-दक्षिण मार्ग, २१ स्थानके, त्यांपैकी चार भूमिगत. खर्च सुमारे ६,९०० कोटी रुपये. १ डिसेंबर २०१६ रोजी, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, तत्कालीन मुख्यमंत्री अखिलेश यादव यांनी चाचणी-गाडीला झेंडा दाखवला. प्रत्यक्ष प्रवासी गाडीत बसले ते नऊ महिन्यांनी आणि सत्तांतर झाल्यानंतर. ५ सप्टेंबर २०१७ रोजी राजनाथसिंह व योगी आदित्यनाथ यांच्या हस्ते ट्रान्सपोर्टनगर ते चारबाग या साडेआठ किलोमीटरच्या टप्प्याचे उद्घाटन झाले. एकाच गाडीला दोन सरकारांनी दोनदा झेंडा दाखवावा, यात नवल काही नाही. आमच्या खात्यात अशा समारंभांच्या संचिका जाड असतात आणि देखभालीच्या पातळ.

दुसऱ्या दिवशी, ६ सप्टेंबरला, सामान्य प्रवाशांसाठी सेवा सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी एक गाडी दुर्गापुरी व मवैया या स्थानकांच्या दरम्यान बंद पडली. आपत्कालीन ब्रेक लागले आणि ते सुटेनात. प्रवाशांना बराच वेळ अडकून राहावे लागले व शेवटी आपत्कालीन दरवाजाने बाहेर काढावे लागले. वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. मला तीत फारसे तथ्य दिसत नाही. नवी गाडी, नवी सिग्नल यंत्रणा, नवे कर्मचारी आणि पहिल्या दिवशीची बघ्यांची गर्दी एकत्र आली की काहीतरी अडतेच. कॅनडातील वाचकांना ओटावाची गोष्ट ठाऊक असेल. तेथील लाइट रेल सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. एखाद्या प्रवाशाने मिटते दार धरून ठेवले की दाराची यंत्रणा बिघडे, गाडी थांबे आणि तिच्यामागे सगळा मार्ग तुंबे. २०२१ मध्ये त्याच मार्गावर दोनदा गाडी रुळांवरून घसरली. प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेले आणि नोव्हेंबर २०२२ च्या चौकशी अहवालात असे निष्पन्न झाले की सेवा सुरू करण्यापूर्वीच्या चाचणीचे निकष मध्येच सैल करण्यात आले होते. उद्घाटनाच्या तारखेने चाचणीला वाकवणे हा रोग लोकशाही देशांत सर्वत्र आढळतो. (दार धरून ‘पहले आप’ म्हणणाऱ्या शहरात ओटावाची गाडी एक दिवसही चालली नसती, असे एक लखनवी मित्र म्हणतात.)

लखनौचा खरोखरचा स्थानिक त्रास निराळा निघाला. या मेट्रोला वीज मिळते ती डोक्यावरून जाणाऱ्या २५,००० व्होल्टच्या तारेतून. लखनौ हे पतंगांचे शहर. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ‘जमघट’ असतो, त्या दिवशी आकाशात जागा उरत नाही. पूर्वी मांजा सुताचा असे. आता धातूची तार वा भुकटी असलेला मांजा बाजारात मिळतो. तो विजेच्या तारेवर पडला की प्रवाह तुटतो आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. महामंडळाला यासाठी वारंवार आवाहने करावी लागली, पोलिसांत तक्रारीही नोंदवाव्या लागल्या. नवाबी काळापासून चालत आलेली हौस प्रकल्प अहवालातील जोखमींच्या यादीत कोणी धरणार नाही, हे समजण्यासारखे आहे. पण त्याच महामंडळाने (२०१९ पासून त्याचे नाव उत्तर प्रदेश मेट्रो रेल महामंडळ झाले) कानपूर व आग्रा येथे डोक्यावरची तार टाळून रुळांलगतच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टचा पुरवठा घेतला. त्यामागे अनेक कारणे असतात. पतंगांच्या शहरांना ती पद्धत मानवते एवढे नक्की.

दुसरा फरक डब्यांचा. लखनौची गाडी चार डब्यांची, कानपूर व आग्र्याची तीन डब्यांची. येथे आपण क्षमतेच्या प्रश्नापाशी येतो.

मेट्रोची क्षमता मोजण्याचे एकक असे : गर्दीच्या वेळी, एका दिशेने, सर्वाधिक भार असलेल्या टप्प्यावरून एका तासात किती प्रवासी जाऊ शकतात. चार डब्यांच्या गाडीत दाटीवाटीने सुमारे १,३०० माणसे मावतात. यात बसणारे थोडे, उभे राहणारे फार. एका चौरस मीटरमध्ये आठ माणसे उभी राहतील हे गृहीत धरलेले असते. ज्यांनी मुंबईची लोकल अनुभवली आहे त्यांना आठ म्हणजे ऐसपैस वाटेल, लखनौकरांना तो छळ वाटतो. अशी गाडी दर पाच मिनिटांनी सोडली तर तासाला १२ गाड्या, म्हणजे १५,६०० प्रवासी. गाड्यांमधले अंतर आणखी कमी केले की ही संख्या वाढते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’ नावाच्या हलक्या रेल्वेचे जे मानक ठरवले, ते तासाला १०,००० पर्यंतच्या वर्दळीसाठी आहे. नाशिकसाठी योजलेली रबरी चाकांची ‘मेट्रो निओ’ त्याहूनही हलकी. ती २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि पुढची वर्षे मंजुरीच्या प्रतीक्षेत गेली. तेव्हा लखनौने हलकी नव्हे, भारी व्यवस्था उभी केली. प्रश्न असा की तिच्यात बसायला माणसे होती काय?

८ मार्च २०१९ रोजी पंतप्रधानांनी संपूर्ण मार्गाचे उद्घाटन केले. नंतर वर्षभरातच कोविडमुळे मार्च ते सप्टेंबर २०२० सेवा बंद राहिली. तो काळ सोडला तरी २०२४ पर्यंत रोजची सरासरी प्रवासी-संख्या एक लाखाच्या आतच घुटमळत होती. आता मुंबईची पहिली मेट्रो पाहा. वर्सोवा ते घाटकोपर, जून २०१४ मध्ये सुरू झालेली, लांबी ११.४ किलोमीटर, म्हणजे लखनौच्या निम्मी. गाडी तीच, चार डब्यांची. २०१९ च्या सुमारास तीतून दिवसाला साडेचार लाखांच्या आसपास लोक जात होते आणि अंधेरीच्या पुलावर रांगा लागत होत्या. एकीकडे गाडी पुरत नाही, दुसरीकडे माणूस पुरत नाही.

याचे कारण लोकसंख्येत शोधणे चुकीचे ठरेल. मुंबईचा तो मार्ग पश्चिम व मध्य या दोन उपनगरी रेल्वेंना आडवा जोडतो. त्याला प्रवासी आणून देणारी, जगातल्या सर्वांत गर्दीच्या व्यवस्थांपैकी एक, दोन्ही बाजूंना आधीच उभी होती. लखनौचा मार्ग एकटा आहे. तो विमानतळापासून कानपूर रस्त्याने आलमबाग, चारबाग, हजरतगंज करीत गोमती ओलांडतो आणि विद्यापीठावरून इंदिरानगरकडे वळतो. बव्हंशी रुंद रस्त्यांवरून जातो. म्हणजे नेपियरच्या आणि त्यानंतरच्या रुंद लखनौतून. जेथे खांब रोवायला जागा होती, जेथे भूसंपादन कमी होते, जेथे चार वर्षांत काम उरकता येत होते, तेथे पहिला मार्ग गेला. ज्या जुन्या शहरात पायी चालणारा माणूस रिक्षांच्या गर्दीत अडकून पडतो, तेथे तो गेला नाही. गोमतीनगरसारखी विस्तारलेली पूर्वेकडची वसाहतही बाहेर राहिली.

अभियंत्याच्या बाजूने बोलायचे तर हा निर्णय निर्बुद्ध नव्हता. पहिला मार्ग वेळेत झाला नाही, तर दुसरा कधीच होत नाही; कर्ज देणारी बँक, केंद्र सरकार, न्यायालये, सगळे पहिल्या मार्गाकडे बघून मत बनवतात. लखनौचा पहिला मार्ग ठरल्या वेळेच्या बेतात पूर्ण झाला, ही भारतीय शहरांच्या अनुभवात दुर्मीळ गोष्ट आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु सोपे तेथे बांधायचे असेल, तर प्रवासी-अंदाजही त्या सोप्या जागेचाच मांडला पाहिजे. तसे होत नाही. अंदाज पूर्ण जाळ्याचा, फीडर बससह, भविष्यातील दाट वस्तीसह मांडला जातो आणि बांधकाम होते एका रेघेचे.

हे केवळ आपल्याकडे घडते असेही नाही. डॅनिश अभ्यासक बेंट फ्ल्युब्येर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतील प्रकल्प तपासले, तेव्हा रेल्वेच्या दहापैकी नऊ प्रकल्पांत प्रवासी-अंदाज फुगवलेले निघाले. सरासरी फुगवटा १०६ टक्के. मंजुरीसाठी अंदाज लागतो, म्हणून मंजुरी मिळेल असा अंदाज येतो. तो लिहिणारा सल्लागार, तो पुढे पाठवणारा अधिकारी आणि त्यावर सही करणारा सचिव, तिघेही गाडी धावेपर्यंत दुसऱ्या खुर्चीवर गेलेले असतात. मीही अशा खुर्च्यांवरून उठलो आहे. दहा वर्षांनी तो अंदाज काढून प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याची जबाबदारी कोणत्याही खात्याच्या कार्यनियमांत मला आढळली नाही. लेखापरीक्षक पैसा कोठे गेला ते पाहतो. माणसे का आली नाहीत हे विचारणे त्याच्या कामाच्या कडेला राहते.

केंद्राला हे कळले नव्हते असे नाही. १६ ऑगस्ट २०१७ रोजी, लखनौच्या उद्घाटनाच्या अवघे तीन आठवडे आधी, केंद्रीय मंत्रिमंडळाने नवे मेट्रो धोरण मंजूर केले. मेट्रोच का, बस वा ट्राम का नको, याचा तुलनात्मक अभ्यास त्यात बंधनकारक झाला. सर्व वाहतूक एका छत्राखाली आणणारे महानगर परिवहन प्राधिकरण आणि स्थानकापर्यंत पोहोचवणाऱ्या फीडर सेवांचा आराखडा हेही मागण्यात आले. आर्थिक परताव्याची किमान अट १४ टक्के ठरली. लखनौचा पहिला मार्ग या चाळणीतून गेलेला नाही, तो जुन्या नियमांखाली मंजूर झाला होता. पुढची शहरे गेली. कानपूर-आग्र्याची तीन डब्यांची गाडी हा काही अंशी शहाणपणाचा परिणाम मानायला हरकत नाही.

मात्र कमी क्षमतेला शहाणपण म्हणताना सावध असावे, कारण हलकी व्यवस्था चुकली की ती अधिक क्रूरपणे चुकते. लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे १९८७ मध्ये ११ सुट्या गाड्यांनिशी सुरू झाली. ओसाड गोद्यांसाठी एवढे पुरे असे वाटले होते. लगेचच कॅनरी व्हार्फचे मनोरे उभे राहू लागले आणि फलाट आधी दोन गाड्यांसाठी, पुढे तीन गाड्यांसाठी लांबवत न्यावे लागले, तेही सेवा चालू ठेवून. मुंबईच्या मोनोरेलची कथा याहून कडवट. २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून ती रिकामी धावते म्हणून हिणवली गेली. १९ ऑगस्ट २०२५ रोजी अतिवृष्टीमुळे हार्बर लोकल थांबली आणि ती गर्दी मोनोकडे वळली. १०४ टन भाराची गाडी १०९ टनांवर गेली, विजेच्या रुळाशी तिचा संपर्क तुटला, आणि चेंबूर-भक्ती पार्कच्या दरम्यान अधांतरी अडकलेल्या पाचशेहून अधिक लोकांना अग्निशमन दलाने शिड्यांनी उतरवले. महिनाभरात, २० सप्टेंबरला, सेवा स्थगित करण्यात आली. अकरा वर्षे रिकामी असलेली गाडी एका दिवशी भरली आणि त्याच दिवशी अडली. ‘सरासरी प्रवासी-संख्या’ नावाच्या आकड्यावर किती विसंबावे, हे यावरून ठरवावे.

म्हणून लखनौची रिकामी जागा वाया गेली, असा निकाल मी देणार नाही. भुयार एकदा खोदले की पुन्हा रुंद करता येत नाही. फलाट लांबवणे महाग. डबे मात्र नंतर घेता येतात. क्षमता बांधकामात मोठी ठेवावी आणि गाड्यांत बेताची, हे तत्त्व धरले असते तर पहिल्याच खेपेला वीस गाड्या, म्हणजे ८० डबे घेण्याची घाई टळली असती काय, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. उलट बाजूही आहे : गाड्यांमधले अंतर दहा-पंधरा मिनिटे झाले की लोक मेट्रो सोडून पुन्हा ई-रिक्षात बसतात. गाडी भरायची असेल तर ती वारंवार आली पाहिजे, आणि वारंवार यायची तर गाड्या हव्यात.

आता जुन्या शहराची पाळी आली आहे. १२ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने चारबाग ते वसंतकुंज या ११.१६५ किलोमीटरच्या पूर्व-पश्चिम मार्गास मंजुरी दिली. खर्च ५,८०१ कोटी रुपये. पहिला मार्ग किलोमीटरला सुमारे ३०० कोटींत झाला, हा सुमारे ५२० कोटींत होईल. कारण १२ स्थानकांपैकी सात जमिनीखाली आहेत. चारबाग, गौतम बुद्ध मार्ग, अमीनाबाद, पांडेगंज, सिटी रेल्वे स्थानक, मेडिकल चौराहा, नवाजगंज ही ती सात. पुढे ठाकूरगंजपासून मार्ग वर येतो. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचे रुग्ण, यहियागंजचे घाऊक व्यापारी, चौकातले चिकन-कारागीर आणि इमामबाड्याचे पर्यटक अशी खरीखुरी वर्दळ या मार्गावर आधीपासूनच आहे, ती अंदाजातून निर्माण करावी लागणार नाही. प्रश्न आहे तो वर येण्याचा. अमीनाबादच्या गर्दीत भूमिगत स्थानकाचे जिने कोठे उघडणार, तेथे उतरलेली माणसे कोणत्या फुटपाथवर उभी राहणार आणि जिन्याच्या तोंडाशी ई-रिक्षांना उभे राहायला जागा कोण देणार, हे नगरपालिका, पोलीस आणि महामंडळ यांनी खोदाईपूर्वी एकत्र बसून ठरवावे लागेल. गेडिसप्रमाणे आधी त्या गल्ल्यांतून पायी हिंडावे लागेल.

चारबागला दोन्ही मार्ग मिळतील. पहिल्या मार्गाचे तेथील स्थानक उन्नत आहे, दुसऱ्याचे भूमिगत. आलमबागहून येऊन चौकात जाणाऱ्या माणसाला एवढी उंची उतरून गाडी बदलायला किती मिनिटे लागतात, यावर दोन्ही मार्गांचे पुष्कळसे प्रवासी अवलंबून राहतील.